गाळणे, निवळणे, पचवणे : परसातल्या मत्स्यतळ्याचा पूर्वेतिहास

पाणी स्वच्छ करण्याच्या क्रियेला मराठीत निदान दोन क्रियापदे आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांपासून बरेच दूर आहेत. 'गाळणे' ही माणसाने करायची क्रिया. फडके घ्यावे, हंड्याच्या तोंडाशी धरावे, पाणी ओतावे. 'निवळणे' ही पाण्याने आपली आपण करायची क्रिया. माणसाने तेवढा वेळ हात लावू नये, एवढीच तिची अट. म्हणूनच तंटा निवळतो, आकाश निवळते, परंतु कोणी ते गाळत नाही. 'गाळणे' आणि 'गाळ' ह्यांचा धातू एकच आहे, म्हणजे क्रियेला आणि तिने मागे ठेवलेल्या द्रव्याला भाषेने एकाच घरात नांदवले आहे. 'निवळ' ह्या शब्दाचे नाते संस्कृत 'निर्मल'शी जोडले जाते. ह्या दोहोंच्या जागी आज सर्रास वापरला जाणारा 'फिल्टर' हा शब्द मुळात मध्ययुगीन लॅटिनमधील नमद्याच्या नावावरून आला. लोकरीच्या जाड कापडातून द्रव गाळला जाई, म्हणून. तात्पर्य, फिल्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कापड, जाळी, चाळण हेच येते आणि पाणी आरपार दिसू लागले की काम झाले असे आपण समजतो.

ही समजूत पिण्याच्या हंड्यापुरती बहुतांशी चालून जाते. मासे पाळलेल्या तळ्यात मात्र ती चालत नाही, आणि आमच्या भागात हा प्रश्न आता केवळ शब्दार्थाचा राहिलेला नाही.

आमचा भाग म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे नैर्ऋत्येकडचे टोक. माणिकगडाच्या डोंगरावरचा जिवती तालुका, त्याच्या पायथ्याशी गडचांदूर, कोरपना, राजुरा, आणि पलीकडे तेलंगणाची हद्द. येथे कोलाम आणि गोंड ह्यांच्या जुन्या वस्त्या आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून डोंगर चढून आलेल्या बंजारा व इतर कुटुंबांची गावे आहेत. पाऊस कमी नाही. पण पठारावरचे पाणी वाहून जाते, आणि उन्हाळी टंचाईच्या बातम्यांत जिवतीचे नाव वर्षानुवर्षे येत राहते. त्यामुळे २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यावर, तळाला प्लास्टिकचे अस्तर घातलेले चौकोनी तळे हे डोंगराळ शेतीतले एक ओळखीचे दृश्य झाले. पुढे २०२० साली केंद्राची मत्स्यसंपदा योजना आली. तिच्यात परसातल्या छोट्या मत्स्यटाक्यालाही स्थान होते. तेच पाणी पुन्हापुन्हा शुद्ध करून फिरवायचे आणि थोड्या जागेत मासे वाढवायचे, अशी ती कल्पना. घरामागच्या सांदवाडीत, भाजीच्या वाफ्याशेजारी असे एखादे टाके बसू शकते. बाजार दूर, जेवणात प्रथिन कमी. कल्पना वाईट नाही.

वर्गात जिवतीकडून येणारी मुले असतात. त्यांच्याकडून आम्ही एकाहून अधिक वेळा जे ऐकले ते असे : टाक्याला गाळणी बसवली, स्पंजमधून पाणी जाते, तळ दिसतो इतके पाणी स्वच्छ, आणि तरी पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतात, दोनचार दिवसांनी उलटे होऊन तरंगतात. मराठीच्या शिक्षकांना हा प्रश्न विचारून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आम्हालाही आधी तसेच वाटले. पण निर्मळ म्हणजे पारदर्शक हे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात कोणी पक्के केले, हे पाहू लागलो तेव्हा बोट काही अंशी आपल्याच विषयाकडे वळते असे दिसले.

निवळीच्या बीचे उदाहरण घेऊ. संस्कृतात 'कतक' म्हणून प्रसिद्ध असलेले हे झाड मध्य भारताच्या कोरड्या पानझडी जंगलात वाढते. कुचल्याचे ते भाऊबंद, पण कुचल्यासारखे जहाल नव्हे. त्याचे बी माठाच्या आतल्या बाजूला घासायचे आणि मग गढूळ पाणी भरायचे. बियांतील द्रव्ये पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या अतिसूक्ष्म कणांना एकत्र आणतात, त्यांचे पुंजके जड होऊन तळाशी बसतात. तुरटी जे करते तेच, पण वनस्पतीच्या वाटेने. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, जमिनीखालच्या पाण्याचा शोध सांगणाऱ्या दकार्गल अध्यायात, गढूळ वा बेचव विहिरीत टाकायच्या चूर्णाचा पाठ आहे : अंजन, नागरमोथा, वाळा, दोडका, आवळा आणि जोडीला कतकाचे फळ. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात हेच फळ दृष्टान्त म्हणून येते. कतक पाणी निवळवते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त ते पुन्हा भेटते. मंदबुद्धी माणूसही विद्वानाच्या सहवासाने चतुर होतो, जसे गढूळ पाणी चिखल तोडणाऱ्या फळाच्या घासण्याने, असे तेथे म्हटले आहे. (मालविका ही विदर्भाची राजकन्या, हे येथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) धर्मशास्त्र, नाटक आणि संहिता अशा तीन ठिकाणी एकच प्रतिमा येते आणि तिन्हींत पाण्याचा ठळक दोष एकच : चिखल. चिखल गेला की पाणी शुद्ध, बुद्धी शुद्ध, मनही शुद्ध. पुढच्या मराठी संतकाव्यापर्यंत निर्मळ पाण्याची प्रतिमा ह्याच अर्थाने वाहत आली आणि आम्ही ती वर्गात तशीच समजावून देत आलो. पाण्यात न दिसणारा दोषही असतो, हे त्या प्रतिमेत बसत नाही.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने सिद्ध केलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातल्या मराठी पदांमुळे परिचित आहे. त्या ग्रंथात राजाच्या उपभोगांच्या विभागात पिण्याच्या पाण्याचे प्रकरण आहे, आणि पुढे विनोदांच्या विभागात मत्स्यविनोद. मत्स्यविनोदात तीसहून अधिक जातींचे मासे, त्यांची वसतिस्थाने आणि त्यांना घालायचे खाद्य ह्यांची नोंद आहे. आमचे लक्ष वेधून घेते ते हे की, पाणी आणि मासे ह्यांची दोन वेगळी प्रकरणे आहेत. राजाच्या पाण्यात मासा नाही, माशाच्या पाण्याची चिंता राजाला नाही. विदग्ध वाङ्मयातून ह्या दोन प्रकरणांना जोडणारे पान आम्हाला तरी कोठे आढळलेले नाही.

जोड होती, पण ती ग्रंथांत नव्हती. वैनगंगेच्या खोऱ्यात, पाळींवर होती. तिकडे वळण्यापूर्वी गाळण्याची आणि निवळवण्याची विद्या किती पुढे गेली होती ते थोडक्यात पाहू. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले. तेथे एकाखाली एक असे दोन तलाव बांधले. वरच्यात गाळ बसावा, खालच्यातून निवळलेले पाणी नळात जावे. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. निवळण्याचे हे स्थापत्य उत्तम होते. १८०४ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी जॉन गिब ह्या कापड-धुलाईच्या कारखानदाराने वाळू व खडी ह्यांतून पाणी सोडून ते स्वच्छ केले आणि उरलेले गावाला विकले. १८२९मध्ये लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी जेम्स सिम्पसनने वाळूची मोठी संथ गाळणी उभारली. सर्वांची समजूत हीच, की वाळू म्हणजे बारीक चाळण. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने हजारो माणसे मेली. शेजारचे आल्टोना गाव त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, पण ते वाळूतून गाळलेले, आणि ते बव्हंशी वाचले. वाळूच्या दोन कणांमधली फट रोगजंतूच्या मानाने प्रचंड असते. चाळणीच्या हिशेबाने जंतू सहज पार व्हायला हवेत. ते अडतात ते वाळूच्या पृष्ठभागावर धरलेल्या चिकट सायीत. ही साय सूक्ष्मजीवांची असते, आणि ती धरायला काही आठवडे लागतात. म्हणजे नवी, स्वच्छ धुतलेली वाळू ही वाईट गाळणी आणि जुनी, बुळबुळीत झालेली चांगली. परसातल्या टाक्याची गाळणी दर आठवड्याला नळाखाली घासून लख्ख करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता एका बाप-लेकाची हकिकत सांगतो. विज्ञानाच्या इतिहासात तिला द्यावी तेवढी जागा दिली जात नाही, असे आमचे मत आहे. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनतज्ज्ञ होता. १८४९ साली त्याने काचेच्या टाकीत दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरियाची रोपे ठेवली. ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती. पाने फितीसारखी लांब. मासे जो वायू सोडतात तो वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पती जो सोडते तो माशांनी, पाणी बदलण्याचे कारणच पडू नये, असा त्याचा तर्क. काही दिवस सर्व ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. वॉरिंग्टनने पाणी उपसले नाही की जाळीही लावली नाही. त्याने डबक्यातल्या काही गोगलगायी आणून टाकीत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी पुन्हा निवळले. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. चार वर्षांनी फिलिप गॉसच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. मत्स्यालयाचा पाया मात्र गोगलगायीच्या त्या युक्तीत आहे.

युक्ती साधली तरी एक हिशेब लागत नव्हता. माशाची मुख्य उत्सर्जित वस्तू म्हणजे अमोनिया. ती कल्ल्यांवाटे पाण्यात जाते, रंगहीन असते, पाण्यात पूर्ण विरघळते. कापड, स्पंज, वाळू, निवळी, तुरटी ह्यांपैकी कशानेही ती अडत नाही. मग ती जाते कोठे? १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोजिंग आणि म्युंट्झ ह्यांनी एक लांब नळी वाळू आणि थोडी चुनखडीची पूड ह्यांनी भरली व तीतून सांडपाणी अगदी संथपणे सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. आत गेलेला अमोनिया तसाच बाहेर येत राहिला. मग तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून थोडे मातीचे धुवण घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. निव्वळ रसायनाला गुंगी येत नाही. म्हणजे हे काम जिवंत कोणीतरी करत होते. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती-प्रयोगशाळेत लगोलग ह्या निष्कर्षाला दुजोरा देऊन पुढे अनेक वर्षे त्यावर काम करणारा संशोधक म्हणजे रॉबर्ट वॉरिंग्टन. गोगलगायवाल्या वॉरिंग्टनचा त्याच नावाचा मुलगा. बापाच्या टाकीत जे मूकपणे चालले होते, त्याचा अर्थ मुलाला शेतातल्या मातीत सापडला. १८९०च्या सुमारास विनोग्राद्स्कीने हे जिवाणू वेगळे काढले : एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही माशाला घातक. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य, आणि वनस्पतींचे ते खाद्य. हे प्रकरण अजून मिटलेले नाही. दोन्ही पायऱ्या एकटाच चढून जाणारा जिवाणू असतो हे २०१५ साली दाखवण्यात आले, आणि त्या वर्षीच्या शोधनिबंधांपैकी एकातला नमुना मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतून घेतलेला होता.

ह्या तिसऱ्या क्रियेला मराठीत काय म्हणावे? आम्ही 'पचवणे' म्हणतो. शेणखत पचते, लोणचे मुरते, तसे तळे आपल्यातली घाण पचवते. हे गाळणेही नाही आणि निवळणेही नाही.

झाडीपट्टीतल्या तळ्यांना हे पचवणे ठाऊक होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक तलाव असे आहेत, की ज्यांना सरकारी दप्तरात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. हे नाव फसवे आहे. मालगुजारी ब्रिटिश अमदानीतली. पुष्कळ तलाव त्याआधीचे. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा राजांचा शब्द असल्याचे परंपरा सांगते. मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडूम, सांडवा. वर जंगल, खाली धान. मोठ्या तलावांबरोबर प्रत्येकाच्या बांधीच्या डोक्याशी लहानशी बोडीही असे, आणि परसातल्या मत्स्यतळ्याची खरी पूर्वज ती बोडीच. आत मासेमारी ढिवरांची. मरळ, मागूर, शिंगूर, झिंगे. हे सगळे उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात अंडी घालणारे वा दडणारे जीव. आणि त्या पाण्यात हायड्रिला, कमळ, कुमुदिनी, देवधान, काठाला लव्हाळे. शिवाय व्हॅलिसनेरिया, तीच फितीसारखी, जी वॉरिंग्टनने लंडनमध्ये काचेच्या टाकीत लावली होती. झाडीतल्या ढिवराला ती लावावी लागत नव्हती.

ह्या तळ्याची गाळणी कोठे होती असे विचारले तर एका जागी बोट ठेवता येणार नाही. वरच्या जंगलातल्या पाचोळ्यात पाण्याचा वेग मंदावे. तोंडाशी लव्हाळ्यात माती बसे. पाण्याखालच्या पानांवर, देठांवर, मुळांवर जिवाणूंची साय धरे. मुळे नायट्रेट ओढून घेत. आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडला की तळाचा काळा गाळ शेतात जाई. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तलावातला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा अशी मागणी केली आहे. तिच्याकडे आपण सरकारच्या महसुली धोरणावरची टीका म्हणून पाहतो, ते बरोबरच. पण त्याबरोबर तळ्याच्या पचनक्रियेचे शेवटचे पाऊलही त्या मागणीत आहे. गाळ निघाला नाही तर तळे स्वतःच्याच पोटात कुजते.

१९५१मध्ये मालगुजारी संपली. ते व्हायलाच हवे होते. पण तलाव सरकारचे झाले आणि पाळीची, गाळाची, तुडुमाची रोजची काळजी कोणाचीच उरली नाही. पुढे उत्पादनवाढीसाठी बाहेरच्या जातींचे मासे आले. त्यांतला गवत्या मासा वनस्पतीच खातो. सायप्रिनस तळ उकरून मुळे सैल करतो. काठावर बेशरम माजली. माशांचे वजन वाढवण्याच्या प्रयत्नात तळ्याचे आतडे काढून टाकले गेले, असे म्हणणे कठोर वाटेल. आम्हाला ते अतिशयोक्त वाटत नाही. गेल्या दोन दशकांत अर्जुनी-मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर उलट दिशेने काम केले आहे : बेशरम उपटायची, उन्हाळ्यात कोरड्या तळाची मशागत करायची, पाणी आले की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. त्यात ढिवर स्त्रिया पुढे आहेत. तळ्यात शेती करावी तशी वनस्पतींची लागवड करणे, ही कल्पना प्रथम ऐकताना विचित्र वाटते खरी. तिथूनच जवळ असलेल्या नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. तलाव, पक्षी आणि तिथली माणसे ह्यांविषयीचे त्यांचे लेखन आपण अभ्यासक्रमात वाचतो. ते वाचताना पाण्याखालच्या पानांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणारा प्रश्न मात्र आमच्या पाहण्यातल्या प्रश्नपत्रिकांत कधी आला नाही.

आणि जिवती? जिवती ह्या इतिहासाच्या बाहेर राहिली. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ला तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ला चांदा जिल्ह्यात. त्यामुळे मालगुजारी येथे नव्हतीच. दक्षिणेकडे वरंगळच्या काकतीयांनी बांधलेल्या रामप्पा, पाखाल अशा तलावांची तेवढीच थोर परंपरा आहे, पण तीही खालच्या सपाटीवरची. पूर्वेला कोहळ्यांचे तलाव, दक्षिणेला काकतीयांचे, आणि मधल्या डोंगरावर दोहोंपैकी एकही नाही. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांच्या आठवणीत आड आहे, बारव आहे, नदी आहे, बोडी नाही. म्हणून येथे मत्स्यतळे आले ते थेट प्लास्टिकच्या अस्तराचे, मागचे काहीच न घेता. त्या अस्तराने पाणी राहते, ही गोष्ट लहान नाही. पण ज्या मातीत, मुळांत पचवणारे जिवाणू राहायचे तीच अस्तराखाली गेलेली असते. अशा तळ्याला पोट नसते. ते बाहेरून जोडावे लागते. परसातल्या टाक्याची गाळणी सुधारणे म्हणजे नेमके हेच.

त्यासाठी आधी निवळणे. टाक्यातून येणारे पाणी एका रुंद पिंपात संथपणे फिरू द्यावे. विष्ठा आणि उरलेले खाद्य तळाशी बसते, ते दररोज खालच्या तोटीने काढून भाजीला घालावे. आमच्या पाहण्यात हे पिंप पुष्कळांनी गाळलेले असते, आणि सगळा भार पुढच्या स्पंजवर पडतो. मग गाळणे : जाळी किंवा काथ्या, उरलेल्या तरंगत्या कणांसाठी. आणि त्यानंतर मुख्य गोष्ट, पचवण्याचे पिंप. खडी, विटांचे तुकडे, छिद्रे असलेले प्लास्टिकचे तुकडे, जे स्वस्त मिळेल ते. अट एकच, की थोड्या जागेत पृष्ठभाग पुष्कळ हवा आणि त्यावरून पाणी व हवा सतत खेळती हवी. संपूर्ण टाक्याचे पाणी साधारण दर एक-दोन तासांनी ह्यातून जावे. ही खडी धुवायचीच झाली तर टाक्यातल्याच पाण्यात, हलक्या हाताने विसळावी. ब्लीचिंग पावडर घातलेल्या नळाच्या पाण्याने ती धुतली की महिन्याची कमाई एका बादलीत मरते. श्लोजिंगच्या नळीला वीस दिवस लागले होते. परसातल्या टाक्यालाही तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत मासे थोडे, खाद्य थोडे.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो; २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि अमोनियाचा विषारीपणा वाढतो तो उष्णता व पाण्याचा सामू ह्या दोहोंबरोबर : ३० अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की जवळजवळ निम्मा. शेवाळाने हिरवे झालेले पाणी भर दुपारी ह्या अवस्थेला सहज पोचते. टाक्यावर सावली करणे हा म्हणूनच गाळणीचा भाग आहे. मांडव घालून वर दोडका चढवला तरी पुरे, आणि वराहमिहिराच्या चूर्णातला दोडका असा वेगळ्या वाटेने पाण्याच्या उपयोगी पडतो. उलट बाजूने, जिवाणू एक ग्रॅम नायट्रोजनाएवढा अमोनिया पचवताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू वापरतात आणि सात ग्रॅम चुनखडीइतकी आम्ल झेलण्याची शक्ती खर्च करतात. ती भरली नाही तर काही महिन्यांत पाणी आम्ल होते आणि पचनच थांबते. गडचांदूरच्या परिसरात चुनखडीचा दगड मुबलक, म्हणून तेथे सिमेंटचे कारखाने झाले. त्या दगडाचे घमेलेभर तुकडे गाळणीत टाकून ठेवले तर ते आपोआप हवे तेवढेच विरघळत राहतात. त्यापुढे वनस्पती : वाळा, कर्दळ, अळू ह्यांचा एखादा उथळ वाफा, ज्यातून पाणी टाक्यात परत जावे. नायट्रेट तेथे संपते.

ह्या सगळ्याचा कच्चा दुवा वीज हा आहे. पंप थांबला की काही तासांत पचवणारे जिवाणू गुदमरतात आणि जे पिंप टाके वाचवत होते तेच त्यात सडके पाणी सोडू लागते. सौर पंप किंवा किमानपक्षी बॅटरीवरची हवेची मोटर नसेल तर टाक्यात मासे इतके कमी ठेवावेत, की ते एक रात्र निभावून नेतील. अनुदानाच्या हिशेबात मासे किती हे असते, रात्र किती हे नसते.

गाळणीच्या पोटालाही मर्यादा असते, हे चंद्रपूर शहरातल्या रामाळा तलावाने दाखवले आहे. गोंडकालीन तलाव, पण शहराचे सांडपाणी त्यात येऊ लागले आणि जलपर्णीने तो झाकला गेला. २०२१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इको-प्रो संघटनेचे बंडू धोत्रे त्याच्या शुद्धीकरणासाठी उपोषणाला बसले, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. जलपर्णीही वनस्पतीच, तीही नायट्रेट ओढते; परंतु ती पाण्यावर पसरून खालचा उजेड आणि हवा तोडते. कोणती वनस्पती, किती, आणि ती वेळेवर बाहेर कोण काढणार, ह्या प्रश्नांची उत्तरे ढिवरांच्या व्यवहारात होती. नगररचनेच्या आराखड्यात ती नव्हती.

जिवतीच्या एका टाक्यात सध्या हे करून पाहिले जात आहे. चार पिंपे ओळीने मांडली आहेत. तिसऱ्यात विटांचे तुकडे, चौथ्यात वाळा. बी म्हणून अर्जुनीकडच्या एका तळ्यातली मूठभर काळी माती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली व्हॅलिसनेरियाची रोपे एसटीने आणली. माती तिसऱ्या पिंपात विरघळवली. पाणी त्या दिवशी गढूळ झाले. घरातल्या म्हाताऱ्या आजीने ह्यावर नापसंती व्यक्त केली. बावीस दिवस झाले आहेत, विटा हाताला बुळबुळीत लागू लागल्या आहेत, आणि टाक्यात फक्त अकरा मासे आहेत.